घड्याळ खिशात ठेवून पळा: खान्देशातल्या कॉलेजच्या पोरापोरींसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर पहाटे पाचला जा, पळणारी पोरं दिसतातच. त्यातली बहुतेक भरतीची. एकाच्या हातात स्टॉपवॉच, बाकीचे जीव तोडून चार चकरा मारतायत, पाचव्या मिनिटाला कुणीतरी कडेला वाकून ओकतोय. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळावं लागतं. 1600 मीटरला 20 पैकी 20 गुण हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यावं लागतं, म्हणजे किलोमीटरला जेमतेम सव्वातीन मिनिटं. त्यांची मेहनत खरी आहे, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण हे बघून बाकीच्यांचा समज होतो की पळणं म्हणजे एवढंच. मग ज्याला भरती द्यायची नाही तो मैदानाकडे फिरकत नाही, आणि ज्याला द्यायची आहे तो निकाल लागला की बूट माळ्यावर टाकतो.

हा लेख उरलेल्यांसाठी आहे. बीएस्सी, बीकॉम, डिप्लोमा, इंजिनिअरिंग करणारे, बसने अप-डाऊन करणारे, होस्टेलच्या मेसवर जगणारे, आणि शाळेत पीटीच्या सरांनी शिक्षा म्हणून पळवल्यापासून पळण्याचा धसका घेतलेले. माझं म्हणणं एकच: तुम्हाला पळणं आवडत नाही असं जे वाटतं, ते पळण्यामुळे नाही, वेगामुळे. वेग निम्मा करा, मग बोलू.

आधी किती हवं ते ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम पुरतो, किंवा 75 ते 150 मिनिटं जोराचा. पळणं जोराच्या व्यायामात येतं. म्हणजे आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी 25 मिनिटं. झाली 75. रोज पळायचा पण करणारे दहाव्या दिवशी घरी दिसतात, तेव्हा तसला पण करू नका. सोमवार, बुधवार, शनिवार असे तीन दिवस धरा, मधल्या दिवशी अंगाला विश्रांती. वजन किती उतरलं हे पहिले दोन महिने बघूच नका. झोप लवकर लागते, जिना चढताना दम लागत नाही, लेक्चरला डोळे मिटत नाहीत, हे फरक आधी दिसतात.

दमा, हृदयाचा त्रास, पळताना छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं असेल तर सुरुवातीआधी डॉक्टरांना दाखवा. यात लाजण्यासारखं काही नाही.

वेळ: इथे सूर्याला विचारून चालावं लागतं

पुण्या-मुंबईकडचे सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत, आणि त्याचं पहिलं कारण ऊन. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा 44-45 अंशांवर सहज जातो. अखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, मृगाचा पाऊस पडेपर्यंतचा काळ हा पळणाऱ्याच्या परीक्षेचा. मे महिन्यात पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सातला चटके बसायला लागतात. तेव्हा पावणेसहाला बाहेर, साडेसहाला घरात. उन्हाळ्यात संध्याकाळच्या भानगडीत पडू नका. दिवसभर तापलेला डांबरी रस्ता रात्री आठपर्यंत वाफ सोडत असतो.

उन्हाची सवय अंगाला होते, पण तिला दहा ते चौदा दिवस लागतात. मार्चमध्ये ऊन वाढायला लागलं की दोन आठवडे वेळ आणि वेग दोन्ही कमी करा. पळताना डोकं गरगरलं, मळमळलं, भर उन्हात अंगावर काटा आला, तर तिथेच थांबून सावलीत बसा, डोक्यावर, मानेवर पाणी ओता. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा तोल जाऊन पडला तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून काही नाही असं मानू नका, पळणाऱ्याला उष्माघातातही घाम असू शकतो. कपडे सैल करा, मिळेल त्या पाण्याने अंग भिजवा, वारा घाला आणि त्याच वेळी 108 ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

पावसाळा मजेचा, फक्त काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर जाऊ नका. दहा पावलांत बुटाला किलोभर चिखल लागतो आणि पाय घसरला तर घोटा जातो. विजा कडाडत असतील तर पळायला निघूच नका, वाटेत गाठलंच तर झाडाखाली न थांबता पक्क्या घराचा आसरा घ्या. ओले बूट उन्हात न ठेवता आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात.

खरा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. थंडीत पहाटेचा पारा बऱ्याचदा दहाच्या खाली येतो आणि जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे कॉलेज सकाळचं असेल तर संध्याकाळ धरा. अप-डाऊनवाल्यांना एक युक्ती सांगतो. शेवटचं लेक्चर आणि बस यात तास-दीड तास रिकामा जातो, कट्ट्यावर बसून. बॅगेत बूट, टी-शर्ट आणि टॉवेल ठेवा, कॉलेजच्या मैदानावरच पळा, जिमखान्यात हातपाय धुऊन बस पकडा. घरी पोचल्यावर पुन्हा बाहेर पडणं भल्याभल्यांना जमत नाही.

जागा

हायवेवर पळू नका. ट्रक, केळीच्या गाड्या, उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टर आणि पहाटेची डुलकी लागलेले ड्रायव्हर, या सगळ्यांपुढे आपण किस झाड की पत्ती. गावातल्या रस्त्यावर पळायचंच तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, म्हणजे उजव्या कडेने पळा आणि अंगात भडक रंगाचं काहीतरी घाला.

जळगावात मेहरूण तलाव आहे, सकाळी तिथे चालणाऱ्यांची इतकी वर्दळ असते की एकटं वाटत नाही. बांभोरीजवळच्या टेकड्यांवर विद्यापीठाचा परिसर आहे, तिथे शिकणाऱ्यांना तर चढ-उतार फुकट मिळालेत. जिल्ह्याच्या ठिकाणी क्रीडा संकुल असतं. 400 मीटरचा ट्रॅक असेल तर आतल्या लेनच्या अडीच चकरा म्हणजे एक किलोमीटर. गावाकडच्यांसाठी माझी आवडती जागा पाटाच्या कडेची कच्ची वाट. गिरणेचे, हतनूरचे कालवे जिथून जातात तिथे ही वाट मैलोन्‌मैल सरळ असते, माती पायाला मऊ लागते, गाड्या जवळपास नसतात. फक्त अंधारात जाऊ नका. गवतात काय असेल सांगता येत नाही, आणि जनावर चावल्यावर मांत्रिकाकडे नाही तर थेट सरकारी दवाखान्यात जायचं असतं, तेही धावत नाही, कुणाच्या तरी गाडीवर बसून.

कुत्रं मागे लागलं तर पळण्याचा वेग वाढवू नका. थांबा, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका, खाली वाकून दगड उचलल्यासारखं करा. बहुतेक कुत्री तेवढ्यावर निघून जातात. चावलंच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करा.

बूट, एवढंच

या खेळात पैसे घालायची जागा एकच, बूट. कॅनव्हासचे किंवा कॉलेजला घालायचे फॅशनचे स्नीकर्स नकोत. दुकानात रनिंगचे म्हणून मागा. हजारभर रुपये किमतीचा बूटही सुरुवातीला चालतो. संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. मोजे घालून उभं राहिल्यावर लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. दुकानातच चार पावलं पळून बघा, दुकानदार हसला तरी. चांगला बूट साधारण 500 ते 800 किलोमीटर टिकतो, म्हणजे सुरुवातीच्या पळणाऱ्याला वर्षभर सहज. कॉटनचा टी-शर्ट घामाने जड होतो, मांड्या-काखा घासतात. पॉलिस्टरची साधी जर्सी बरी. मांड्या घासत असतील तर पळण्याआधी तिथे खोबरेल तेल लावा.

पहिले आठ आठवडे

आता मुख्य काम. पहिल्या दिवशी पोरं दोन चकरा सुसाट मारतात, धापा टाकत बसतात आणि 'आपल्याच्यानं नाही होत भो' म्हणून घरी जातात. पहिल्या दोन आठवड्यांत तुम्ही पळण्यापेक्षा चालणार जास्त आहात, हे आधीच मान्य करा.

पाच मिनिटं झपाझप चाला. मग एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. असं आठ वेळा. शेवटी पाच मिनिटं रमतगमत. सगळं मिळून 34 मिनिटं. हेच आठवड्यातून तीनदा, दोन आठवडे. फार सोपं वाटेल, वाटू दे. तुमचा श्वास महिन्याभरात तयार होतो, पण हाडं आणि स्नायुबंध त्याहून सावकाश घट्ट होतात. नडगीची दुखणी याच तफावतीतून येतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं आणि दोन मिनिटं चालणं, सहा-सात वेळा. पाचव्यात तीन मिनिटं पळून एक मिनिट चालणं. सहाव्यात पाचाला एक, चार-पाच वेळा. सातव्यात दहा मिनिटं सलग, दोन मिनिटं चाल, पुन्हा दहा. आठव्यात वीस ते पंचवीस मिनिटं न थांबता. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. आठाचे अकरा आठवडे झाले म्हणून कुणी नापास करत नाही.

वेग किती? पळता पळता सतराचा पाढा मोठ्याने म्हणा. 'सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस' असं एका श्वासात दोन-तीन ओळी म्हणता आल्या पाहिजेत. 'सतरा' म्हणून धाप लागली तर वेग जास्त आहे. सगळा पाढा गाण्यासारखा आरामात गेला तर थोडा वाढवायला हरकत नाही. (पाढा येत नसेल तर तोही पाठ होईल.) नव्याने सुरुवात करणाऱ्याचा हा वेग बऱ्याचदा किलोमीटरला साडेसात-आठ मिनिटांचा निघतो. झपाझप चालणारे आजोबा बाजूने जवळपास तेवढ्याच वेगाने जातील. जाऊ द्या.

अंग कसं ठेवायचं याचा फार बाऊ नको. नजर वीस-पंचवीस पावलं पुढे, खांदे सैल, मुठी घट्ट न आवळता. पाऊल लांब टाकायच्या नादात टाच शरीराच्या फार पुढे आदळते, गुडघ्याला हिसका बसतो. त्यापेक्षा पावलं छोटी आणि भरभर. श्वास नाकानेच घ्यायचा असा काही नियम नाही, तोंडही उघडा. कुशीत कळ आली तर चालायला लागा, दुखतं तिथे हाताने दाबा आणि ओठ गोल करून लांब श्वास सोडा. जेवून दोन तासांच्या आत पळलं की ही कळ हमखास येते.

पळण्याआधी उभ्याने पाय ताणून धरण्यापेक्षा हालचाल करा: पाय पुढे-मागे झुलवणं, गुडघे वर उचलत चालणं, घोटे फिरवणं. ताणायचं ते पळून झाल्यावर. मधल्या दोन दिवशी खोलीतच पंधरा मिनिटं जोर, बैठका, आणि पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं. जोर-बैठका आपल्या आजोबांच्या तालमीतल्या, जिमची फी लागत नाही. बारीक अंगाच्या पोरांना तर पळण्याइतकीच त्यांची गरज असते.

गोडी कशी लागते

वीस मिनिटं सलग पळता आली की एक दिवस मधेच लक्षात येतं, की आपण पळतोय हे आपण विसरलो होतो. तिथून गोडी लागते. पण नुसती वाट बघत बसू नका, थोडी सोय करावी लागते.

एकाच मैदानात गोल फिरणं हा सगळ्यात कंटाळवाणा प्रकार. निदान शनिवारी कुठेतरी पोचायचं म्हणून पळा. मामाच्या मळ्यापर्यंत, नदीच्या पुलापर्यंत, पलीकडच्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत. खिशात वीस रुपये ठेवा, चहा घ्या, चालत परत या. थंडीत शेतात भरीत पार्टी ठरली की सामान आणि वांगी मित्रांच्या गाडीवर पाठवून द्या आणि शेवटचे तीन किलोमीटर पळत जा. कपाशीच्या सुक्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास बांधावर येतो तेव्हा पाय आपोआप उचलतात, आणि कळण्याची भाकरी एक जास्त जाते.

लोक बघतात, ही मोठी अडचण. गावाकडे कुणी उगाच पळताना दिसलं की हाक येतेच: 'काबरं पयी ऱ्हायना रे भो? कोनी मांगे लागना का?' हसून हात करा. आठवडाभर विचारतात, मग तुमची वेळ त्यांना पाठ होते, आणि एखाद्या दिवशी गेला नाहीत तर तेच विचारतात, काल का नाही आला?

घड्याळ आणि अ‍ॅप सुरुवातीला खिशातच बरं. वेळ कळण्यापुरता मोबाइल ठीक, पण दुसऱ्याचा वेग बघून स्वतःचा वाढवणं म्हणजे तेच स्टॉपवॉच परत आलं. जोराने पळायची हौस आली तर विजेचे खांब वापरा: एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत सुसाट, पुढचे तीन खांब सावकाश, असं पाच-सहा वेळा. हे आठ आठवडे पुरे झाल्यावर, आठवड्यातून एकदाच. मित्रासोबत केलं की खेळ होतो, प्रत्येक वेळी खांब निवडायचा हक्क आळीपाळीने.

सोबती निवडताना तुमच्याहून फार तेज घेऊ नका. गप्पा मारत पळणारा एक मित्र दहा मोटिव्हेशनल रील्सच्या तोडीचा. कानात हेडफोन घालायचेच तर रस्त्यावर एकच, दुसरा कान गाड्यांसाठी मोकळा.

दोन-तीन महिने झाले की डोंगर बघा. धुळ्याजवळ लळिंग, चाळीसगावजवळ पाटणादेवी, रावेर तालुक्यात पाल, नंदुरबारकडे तोरणमाळ. चढावर पळायचा हट्ट नको, चढ चालायचा, सपाटी पळायची. जंगलाच्या भागात घोळक्याने जा आणि वनखात्याच्या पाट्या वाचा.

खाणं

आपल्याकडे या बाबतीत बाहेरून काही विकत आणायची गरज नाही. पळण्याआधी अर्धा तास एक केळं. मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम कर्बोदकं असतात, वीस-तीस मिनिटांच्या पळण्याला ती भरपूर झाली, आणि जळगावच्या पोराने केळ्याऐवजी एनर्जी बार विकत घ्यावा हे मला तरी पटत नाही. पळून आल्यावर तासाभरात नीट जेवण किंवा नाश्ता: दादर ज्वारीची भाकरी, उसळ, दूध, अंडी, मूठभर शेंगदाणे-गूळ. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतो, त्यामुळे ती प्रोटीनलाही बरी. मेसच्या पातळ वरणावर भागत नसेल तर खोलीत भिजवलेले हरभरे आणि फुटाणे ठेवा. प्रोटीन पावडरचा डबा सुरुवातीच्या पळणाऱ्याला लागत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. रात्री तर्रीदार शेवभाजी आणि पहाटे पळणं यांचं जमत नाही. आदल्या संध्याकाळी खिचडी, वरण-भात. शेवभाजी पळून आल्यावरच्या दिवसाला ठेवा.

अर्ध्या तासाच्या पळण्यात वाटेत पाणी नाही प्यायलं तरी चालतं, पण दिवसभरात लघवी फिकट पिवळी राहील इतकं प्या. उन्हाळ्यात पळून आल्यावर मीठ घातलेलं ताक. खूप घाम गेला असेल तर ओआरएसचं पाकीट, नाहीतर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

मुलींसाठी थोडं वेगळं

सगळं वरचंच लागू आहे, अडचणी मात्र जास्त. चांगली स्पोर्ट्स ब्रा बुटाइतकीच गरजेची, तिच्यावर काटकसर नको. पाळीच्या दिवसांत बरं वाटत असेल तर पळायला काही हरकत नाही, दुखत असेल तर चाला किंवा झोपा. लवकर दम लागतो, केस गळतात, चेहरा फिका दिसतो, असं असेल तर एकदा हिमोग्लोबिन तपासा. रक्त कमी असताना कितीही पळलं तरी दम वाढत नाही. जेवणाबरोबर चहा टाळा, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. भाजीवर लिंबू पिळा. सुरक्षेसाठी दोघी-तिघी मिळून, उजाडल्यावर, वर्दळीच्या जागी पळा, आणि किती वाजता परतणार हे घरी किंवा खोलीवर सांगून जा. घरचे नाही म्हणत असतील तर आईलाच चालायला सोबत न्या. ती चालेल, तुम्ही तिच्याभोवती चकरा मारा. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य मिळवलं, हेही घरी सांगायला उपयोगी पडतं.

दुखलं तर, आणि खंड पडला तर

पळाल्यानंतर दोन दिवस मांड्या-पोटऱ्या जड राहणं साहजिक आहे. हे दुखणं दोन्ही पायांत सारखं असतं आणि चालल्यावर मोकळं होतं. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, पळताना वाढत असेल, लंगडत असाल, तर तीन-चार दिवस पूर्ण बंद. नडगीच्या हाडावर एका ठिकाणी दाबल्यावर जोरात दुखत असेल आणि आठवड्यात कमी होत नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ती बारीक चीर असू शकते. पेनकिलर खाऊन पळणं कधीच नको. ताप असताना, छातीत कफ असताना तर नाहीच.

खंड पडतोच. सेमिस्टरची परीक्षा, प्रॅक्टिकल, घरी कापूस वेचणी, बहिणीचं लग्न, कानबाईच्या सणाचे रोट. परीक्षेच्या दिवसांत पळणं पूर्ण बंद करण्याऐवजी दोनदाच, पंधरा मिनिटं ठेवा. वाचून जड झालेलं डोकं तेवढ्याने उघडतं आणि रात्री झोप लागते. या वयात सात ते नऊ तास झोप हवी, ती कापून पहाटे पळायला जाऊ नका. आठवडाभर सुटलं तर होतो तिथूनच पुढे चालू. दोन-तीन आठवडे सुटलं तर वेळापत्रकात दोन आठवडे मागे या. महिन्यापेक्षा जास्त झालं तर पुन्हा एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. यावेळी मात्र आठ आठवड्यांचा रस्ता बहुधा चार-पाच आठवड्यांत कापला जातो.